बेळगाव जिल्ह्यातील प्रसूतिविषयक संशोधन

बाळंतपणातील जिवावरची दुखणी आणि गर्भारपणात क्वचित दिसणारे आजार यांवर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून झालेले वैद्यकीय संशोधन. १९६३ साली सुरू झालेले बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय हे त्याचे मुख्य केंद्र. मोठ्या रुग्णालयापर्यंत जी बाई पोहोचलीच नाही, तिचीही नोंद घेणे हे या कामाचे खरे मोल आहे.

सर्वांत परिचित प्रयोग मिसोप्रोस्टॉलचा. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जाऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. पण ते थंड ठेवावे लागते आणि टोचायला जाणती व्यक्ती लागते. त्याच कामाची मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या हवेत टिकते. जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांना नाळ कापताच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल किंवा तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. बाळंतपणे गावातल्या नर्सबाईंनीच केली. ५०० मिलिलिटर वा अधिक रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. लिटरभर वा अधिक रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. थंडी वाजणे आणि ताप येणे हे त्रास मात्र वाढले. निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या प्रयोगासाठी बनवलेली एक साधी वस्तू तितकीच महत्त्वाची आहे. बाळ झाल्यावर बाळंतिणीखाली अंथरायची ही प्लास्टिकची चादर. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पारदर्शक पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. नजरेच्या अंदाजाने रक्त मोजले की ते बहुधा कमीच भरते, आणि धोका ओळखायला उशीर होतो.

पुढे जिल्हा अनेक देशांतील एकत्रित चाचण्यांत सहभागी झाला. दिवस भरण्याआधी बाळंत होऊ घातलेल्या स्त्रियांना, बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून, गावपातळीवरच स्टेरॉइड देण्याच्या चाचणीत (२०१५) कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सर्व बाळे धरता नवजात मृत्यू हजारी सुमारे साडेतीनने वाढले. पाच देशांतील सुसज्ज रुग्णालयांत झालेल्या दुसऱ्या चाचणीत (२०२०) मात्र तेच औषध उपयोगी ठरले. दिवस नक्की किती भरलेत हे ठाऊक असणे आणि बाळाची निगा राखण्याची सोय असणे, हा या दोन चाचण्यांतला मोठा फरक. न साधलेला प्रयोगही प्रसिद्ध झाला, हे फार मोलाचे आहे.

दुर्मिळ आजारांची गोष्ट वेगळी. द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी गर्भाशयात वाढणारा द्राक्षांसारखा घोस), गर्भाशयाबाहेर पोटात वाढलेला गर्भ, आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुतलेली वार, बाळंतपणाच्या सुमारास कमजोर होणारे हृदय – यांवर बहुतेक एकेका रुग्णाचा वृत्तान्त लिहिला जातो. तो डॉक्टरांना सावध करतो, पण हजारांत किती जणींना हे होते ते सांगू शकत नाही. त्यासाठी एका भूभागातील यच्चयावत बाळंतपणांची नोंद हवी. ब्रिटनमध्ये २००५ पासून दुर्मिळ प्रसूतिविकारांची देशव्यापी नोंद ठेवतात. बेळगावात ठरावीक गावांतील गर्भवतींची नोंद होते आणि बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आई व बाळाची विचारपूस केली जाते. ही नोंद एखाद्या दुर्मिळ आजारासाठी नाही, तरी मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांचा खरा हिशेब तिच्यातूनच लागतो.

सीमाभागात हा हिशेब अवघड असतो. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांतील मराठी घरांत पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, आणि माहेर अनेकदा चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात असते. सातव्या-आठव्या महिन्यात ती हद्द ओलांडते. दुसऱ्या राज्याची आशाताई, दुसरे आरोग्य केंद्र. सासरच्या गावी नोंदलेली गर्भवती माहेरी बाळंत झाली, तर तिचा माग काढायला दोन्ही घरांचे पत्ते आणि फोन आधीच घ्यावे लागतात. संमतीपत्रही तिला वाचता येईल अशा भाषेत, कन्नडप्रमाणे मराठीतही, असावे लागते. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवावे लागते.