‘सव्यसाची’चा घोळ : डावखुऱ्या मुलांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

“दोन्ही हातांनी लिहितो, सव्यसाची आहे,” असं पालक शाळेत कौतुकानं सांगतात आणि घोळ तिथंच सुरू होतो. संस्कृतात सव्य म्हणजे मुख्यतः डावा. डाव्या हातानंही बाण सोडणारा म्हणून अर्जुन सव्यसाची. जानवं डाव्या खांद्यावर ते सव्य, उजव्या खांद्यावर ते अपसव्य. कोशांत मात्र सव्यचा ‘उजवा’ हाही अर्थ सापडतो, आणि रोजच्या मराठीत सव्यसाची म्हणजे चतुरस्र माणूस. मुलाच्या हाताबद्दल या शब्दातून काहीच कळत नाही.

चार वर्षांचं मूल हात बदलतं, कारण हात अजून ठरलेला नसतो. किंवा हात शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही: डावीकडचा खडू डाव्यानं उचलून मध्यावर उजव्यात दिला जातो. किंवा मोठ्यांनीच हात वळवलेला असतो: घास आणि पेन्सिल उजव्यात, पण चेंडू, कंगवा डाव्यात. वस्तू बरोबर मध्यावर ठेवून आठवडाभर पाहिलं की बहुधा उलगडा होतो.

हात वळवण्याचं मूळ जेवणाच्या शिस्तीत तसं पाटीतही. देवनागरी, कानडी, तेलुगू डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्याचा तळहात ताजं अक्षर पुसतो. उर्दू शाळेत लिपी उलटी, उजवीकडून डावीकडे धावते, तिथं हा धोका उजव्या हाताला.

1920-30च्या दशकांत अमेरिकेत, हात वळवल्यानं तोतरेपणा येतो असं मांडलं गेलं. सरसकट ते टिकलं नाही. 2002च्या एका मेंदू-चित्रणात मात्र लहानपणी वळवलेले प्रौढ उजव्या हातानं लिहितानाही त्यांच्या मेंदूचा उजवा भाग काम करताना दिसला. वळला तो हात, मेंदू पुरता नाही. 2019मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे 4 लाख लोकांच्या अभ्यासात डावखुरेपणाशी निगडित जनुकीय जागा सापडल्या.

वर्षाच्या आतलं बाळ कायम एकच हात वापरत असेल, दुसरी मूठ मिटलेली राहत असेल, तर ती आवड समजू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. शाळेतल्या डावखुऱ्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावं, वहीचा डावा वरचा कोपरा उंच राहील अशी ती 30 ते 45 अंश तिरपी ठेवावी, पेन्सिल टोकापासून 2.5 ते 3 सेंटिमीटर वर धरायला लावावी. बोटं टोकाजवळ सरकली की मनगट हुकासारखं वाकतं.