चाकमूल: चुकून पडलेल्या नावाची मूर्ती

कोपरांवर रेललेला, गुडघे दुमडलेला, मान काटकोनात वळवून बाजूला पाहणारा दगडी पुरुष. पोटावर त्याने थाळी किंवा वाडगा दोन्ही हातांनी धरलेला. मेक्सिकोतल्या या मूर्तींना आज सर्रास ‘चाकमूल’ म्हणतात. ते नाव घडवणाऱ्यांनी दिलेले नाही.

१८७५ मध्ये युकातान द्वीपकल्पातील चिचेन इत्सा या माया लोकांच्या प्राचीन शहरात एका हौशी उत्खननकर्त्याने अशी एक मूर्ती खोल खणून वर काढली. ती प्राचीन राजपुत्राची आहे असे त्याने मनाशी ठरवले आणि नाव ठेवले ‘चाकमोल’, म्हणजे मेघगर्जनेसारखा वेगवान पंजा. त्याचे लेखन छापणाऱ्या अमेरिकी पाठीराख्याने अक्षरे बदलून ‘चाक-मूल’ केले. मायांच्या पर्जन्यदेवाचे नावही ‘चाक’, त्यामुळे मूर्ती त्याचीच असा गैरसमज पसरला. सरकारने मूर्ती ताब्यात घेऊन १८७७ मध्ये युकातानातल्या मेरिदा शहरात आणि तिथून देशाच्या राजधानीत नेली. राजपुत्राची कथा अभ्यासकांनी केव्हाच टाकून दिली, नाव मात्र राहिले. मध्य मेक्सिकोतल्या ‘तुला’ या प्राचीन शहरातल्या आणि नंतरच्या अझ्टेक लोकांच्या मूर्तींनाही तेच चिकटले, जरी अझ्टेकांची भाषा नाहुआत्ल होती, माया नव्हे. ही चूक किरकोळ नाही. नाव एक म्हणून अर्थही सगळीकडे एकच, असे वाचक धरून चालतो.

मूर्तींचे मूळ कुठले, तुला की चिचेन, हा वाद जुनाच. मध्य मेक्सिकोतल्याच, पण त्याहून जुन्या तेओतिवाकान शहरात एकही सापडलेली नाही. मायांच्या कोरीवकामात युद्धकैदी असेच आडवे पडलेले दिसतात, म्हणून काही अभ्यासक माया मूळ मानतात. मलाही ते पटते.

अर्थाचा भक्कम पुरावा मिळाला तो १९७८ नंतर, मेक्सिको सिटीत अझ्टेकांच्या मुख्य मंदिराचे उत्खनन सुरू झाल्यावर. माथ्यावर दोन गाभारे. दक्षिणेकडच्या युद्धदेवासमोर बळी देण्याचा दगड, तर उत्तरेकडच्या पर्जन्यदेव त्लालोकसमोर चाकमूल. तिथून जवळच १९४३ मध्ये मिळालेल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर तर त्लालोकचा मुखवटाच आहे. अझ्टेकांपुरते पावसाशी नाते नक्की झाले, पण ते मूर्तीच्या जागेवरून आणि मुखवट्यावरून, नावावरून नव्हे. पोटावरचे पात्र कधी नैवेद्यासाठी, कधी बळीच्या हृदयासाठी असे, आणि काही मूर्तींवर प्रत्यक्ष बळीही दिला जात असावा, असे मत आहे. मुख्य मंदिरातली मूर्ती मूळ जागीच आहे, आणि तिच्या दगडावर लाल-निळा रंग अजून दिसतो.