प्लाझ्मा प्रक्रिया, सुती कापडावरील

विद्युत् विसर्जनाने (वायूतून वीज वाहवून) अंशतः आयनीभूत झालेल्या वायूतून, म्हणजे प्लाझ्मातून, कोरे सुती कापड नेऊन त्याच्या तंतूंचा पृष्ठभाग पाणी, रसायने व रंग शोषण्यास योग्य करण्याची पद्धत. कापड भिजत नसल्याने ती कोरड्या प्रक्रियांत गणतात. खळ काढणे, सोड्यात उकळणे व विरंजन (ब्लीचिंग) या ओल्या टप्प्यांच्या आधी किंवा मधे ती योजली जाते.

संज्ञा : मराठी परिभाषेत प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ असा प्रतिशब्द आहे, कापडधंद्यात मात्र ‘प्लाझ्मा’च चालतो. रक्तातील द्रवालाही हेच नाव आहे आणि हे साम्य बहुधा योगायोगाचे नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मधील निबंधात विसर्जन-नलिकेतील ज्या भागात आयन व इलेक्ट्रॉन यांचे भार समतोल असतात त्या भागास हे नाव दिले, पण नावामागचे कारण तेथे दिलेले नाही. त्यांचे सहकारी टाँक्स (१९६७) व मॉट-स्मिथ (१९७१) यांनी पुढे आठवणी लिहिल्या. मॉट-स्मिथ यांच्या मते रक्तद्रव जसा पेशी वाहून नेतो तसे हे माध्यम विद्युत् भारित कण वाहून नेते, अशी मूळ उपमा होती. टाँक्स यांनाही लँगम्यूर यांनी रक्ताचा उल्लेख केल्याचे अंधुक आठवत होते. ‘घडविणे, साच्यात घालणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून थेट व्युत्पत्ती लावणारेही आहेत. दोन्ही आठवणी चाळीसेक वर्षांनंतरच्या असल्या, तरी त्या एकमेकींना छेद देत नाहीत. म्हणून रक्तद्रवाचे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये द्रव्याच्या चौथ्या अवस्थेची कल्पना मांडली हे खरे. पण त्यांनी पाहिलेले किरण म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत होता, त्यामुळे प्लाझ्माच्या शोधाचे श्रेय त्यांना सरसकट देणे जपूनच करावे.

तत्त्व : कापसाचा तंतू बव्हंशी सेल्युलोजचा असून सेल्युलोजला पाण्याचे वावडे नाही. अडथळा बाहेरच्या आवरणातील मेण, पेक्टिन व प्रथिने यांचा. मेण वजनाने जेमतेम १ टक्क्याच्या आसपास, पण त्यापायी कोऱ्या कापडावर पडलेला थेंब अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळतो; अळवाच्या पानावरही मेणच असते. गिरणीत हे आवरण कियर नावाच्या बंद पात्रात कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कित्येक तास उकळून काढीत. परटाची भट्टी तत्त्वतः याहून निराळी नाही.

प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन, आयन, मुक्त मूलके (अतिक्रियाशील रेणुखंड) व जंबुपार किरण मेणाच्या रेणुशृंखला तोडतात, त्यांचे ऑक्सिडीकरण करतात आणि पृष्ठभागावर कार्बॉनिल, कार्बॉक्सिल यांसारखे जलस्नेही गट निर्माण करतात. हा परिणाम काही डझन नॅनोमीटर खोलीपर्यंतच पोहोचतो. तंतूची जाडी १० मायक्रोमीटरहून (१०,००० नॅनोमीटरहून) अधिक असल्याने गाभा शाबूत राहतो. वायू म्हणून हवा, ऑक्सिजन, आर्गॉन किंवा हीलियम वापरतात. निर्वात कोठीतील प्रक्रिया एकसारखी होते, पण कापडाचे तागे खंडशः घालावे लागतात. वातावरणीय दाबावरील यंत्रातून कापड सलग जाते; त्यातील विद्युत् रोधक पडद्याचे विसर्जन हे मूळचे ओझोननिर्मितीसाठी व्हेर्नर फोन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये योजलेले आहे.

मर्यादा : सरकीच्या टरफलांचे कण व कापसाचा अंगचा पिवळसरपणा प्लाझ्माने जात नाहीत, विरंजन करावेच लागते. पॉलिव्हिनिल अल्कोहॉलची खळ प्लाझ्मानंतर कमी तापमानाच्या पाण्यात सुटते. पिठुळ खळीचा जाड थर मात्र पिष्ट विरघळविणाऱ्या अमायलेज एंझाइमांवरच सोपवावा. प्रक्रिया लांबली तर कापड पिवळे पडते व कमजोर होते. प्लाझ्मामुळे कियर हद्दपार होईल, असे दावे टिकत नाहीत. सोडा, उष्णता व वेळ यांत बचत होते, एवढेच मानणे युक्त.

कोकण : किनारपट्टीच्या पावसात कापूस पिकत नाही, तो पूर्वीपासून घाटावरूनच उतरे. सामान्यतः इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात या किनाऱ्यावरील कल्याण व सेमिल्ला ही बंदरे येतात, सेमिल्ला म्हणजे चौल, हे मत बहुमान्य आहे. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये चालू झाली. तिच्यामागून आलेल्या गिरण्यांना कामगार मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्याने पुरविले. माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था (१९२४) व घाटकोपरची वस्त्र संशोधन संस्था (१९५४) याच पट्ट्यात आहेत. भिवंडी हे यंत्रमागांचे केंद्र.

येथे खरा प्रश्न दमट हवेचा. २७° से. व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता या प्रमाण स्थितीत कापसात साधारण ८ टक्के ओलावा असतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि कापड त्याहून बरेच ओले राहते. निर्वात कोठीत हे पाणी वाफ होऊन येत राहते आणि पंपाला अपेक्षित दाब गाठण्यास वेळ लागतो. थोडी वाफ अपायकारक नव्हे, कारण तिच्या विघटनातून हायड्रॉक्सिल मूलके मिळतात. बाधक ठरतो तो असमान ओलावा. ताग्याच्या कडा व मध्य यांत फरक पडला की पुढे रंग डागाळतो. म्हणून प्रमाण स्थितीतील आकडे पावसाळ्यात जसेच्या तसे लावू नयेत. कापड आधी एकसारखे सुकवून घ्यावे. प्रक्रियेनंतर ते फार दिवस पडून राहिल्यास जलस्नेहिता ओसरते, तेव्हा पुढचा टप्पा लगोलग उरकावा.