नकुशा, अटलांटा आणि पाळण्यातलं नाव

सातारा-सांगली पट्ट्यात रिया, तान्या, नताशा ही नावं आता कुणाला खटकत नाहीत. रिया हे ग्रीक देवराज झ्यूसच्या आईचंही नाव, पण त्याची चौकशी कुणी करत नाही. काही आईबाप मात्र ठरवून ग्रीक पुराणं धुंडाळतात: कॅलिओपी, आयरिस, डाफ्नी. थोरामोठ्यांना हे खूळ वाटतं. पण मुलीसाठी जगावेगळं नाव शोधण्यात अर्थ वाटावा, यासाठी आधी बरंच काही बदलावं लागलं. त्याच्या खुणा याच दोन जिल्ह्यांत सापडतात.

बाराव्या दिवशी बारसं आणि आत्याचं कानात ‘कुर्रर्र’ हे मुलीच्याही वाट्याला येई. फक्त ते नाव टिकत नसे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, की माहेरचं नाव माहेरीच राही. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्र्याची यमुना कुर्लेकर १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन पुण्याला गेली आणि रमाबाई झाली. सेवासदनच्या रमाबाई रानडे सगळ्यांना माहीत आहेत, यमुना कुणाला आठवते? दहा-बारा वर्षं वापरायच्या नावावर डोकं कोण खपवणार? नदीचं, देवीचं, नाहीतर आजीचं नाव ठेवलं की झालं.

याहून कडू भाग पुढचा. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून मुलग्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा ठेवत. ओबडधोबड नावामागे माया होती. मुलीचं नाव नकुशा ठेवण्यामागे मात्र हिच्यानंतर तरी मुलगी नको, एवढंच मागणं होतं. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यातल्या कार्यक्रमात २८५ मुलींना नवी नावं मिळाली. कुणी सिनेमातलं ऐश्वर्या घेतलं, कुणी पुराणातलं सावित्री. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं, हे इथे आठवतंच. नाव स्वतःचं असतं आणि ते स्वतः निवडता येतं, हे त्या दिवशी शाळकरी मुलींनी सरकारी कागदावर करून दाखवलं.

म्हणूनच ग्रीक नावांच्या यादीत मला सगळ्यात आधी अटलांटा दिसते. अपोलोडोरस या प्राचीन ग्रीक लेखकाच्या नावावर चालणाऱ्या कथासंग्रहात तिची हकिकत आहे. बापाला मुलगे हवे होते, म्हणून त्यानं तिला जन्मताच रानात टाकलं. एका अस्वलीनं तिला दूध पाजलं, शिकाऱ्यांनी वाढवलं. कॅलिडॉन या ग्रीक नगरीत धुमाकूळ घालणाऱ्या रानडुकराला पहिला बाण तिचा लागला. डुकराचं कातडं बक्षीस म्हणून तिला दिलं, तर बाईला मान कसा म्हणून पुरुषांत मारामाऱ्या झाल्या. पुढे लग्नाची अट तिनंच घातली: मला शर्यतीत हरवा. हरणारा जिवाला मुकायचा. शेवटी एकानं सोन्याची तीन सफरचंदं वाटेत टाकून तिला थांबवलं आणि जिंकला. तीही नकुशाच की! माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या. त्यांच्या सातारा जिल्ह्याला धावणाऱ्या मुलीचं नाव जड जाऊ नये. अडचण एवढीच की ऐकणारा आधी विचारणार, अमेरिकेतलं ते शहर का?

इतर नावांच्या कथा एकदा वाचून घ्याव्यात. आयरिस इंद्रधनुष्याची देवी, कॅलिओपी महाकाव्याची, क्लिओ इतिहासाची. यांत अडण्यासारखं काही नाही. थालिया विनोदी नाटकाची देवी, पण शाळेत तिची थाळी होणार हे नक्की. डाफ्नी अपोलो देवापासून पळता पळता झाड झाली. कॅसांड्राचं भाकीत खरं असून कुणी ऐकलं नाही. पर्सेफोनीला पाताळाच्या राजानं पळवून नेलं.

‘आपलं नाही’ हा आक्षेप मात्र वाटतो तितका भक्कम नाही. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात करहाटक येतं, म्हणजे आपलं कऱ्हाड, आणि त्याच वर्णनात अंताखी (अँटिऑक), रोमा (रोम) आणि यवनांचं, म्हणजे ग्रीकांचं, नगरही येतं. शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती सापडली. पत्रिका पाहून अक्षर काढणाऱ्या गुरुजींची नक्षत्रं इथली, वेदकाळापासूनची. बारा राशींची चौकट मात्र ग्रीकांकडून आली. यवन या शास्त्रात निष्णात आहेत, म्हणून तेही ऋषींसारखे पूजनीय, असं खुद्द प्राचीन ज्योतिषी वराहमिहिरानं लिहून ठेवलंय. कृत्तिकेवर जन्मलेल्या मुलीला अ, ई, उ, ए ही अक्षरं येतात. याच तारकापुंजाला ग्रीकांनी अ‍ॅटलासच्या सात मुली मानलं, त्यातली थोरली मैया. तेव्हा अ निघालं, तर अटलांटाला गुरुजींचीही हरकत नसावी.

खुद्द ग्रीसमध्ये ही नावं अखंड चालत आली, असंही नाही. ख्रिस्ती धर्मानंतर तिथे शतकानुशतकं संतांच्या नावांचा जोर होता. पेनेलोपी, कॅलिओपीसारखी जुनी नावं मोठ्या प्रमाणात परतली ती १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आगेमागे. आणि नातीला आजीचं नाव देण्याची रीत तिथेही आहेच.

आता नाव लग्नात पुसलं जात नाही, पुसणं परवडतही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार या सगळ्यासाठी जन्मदाखलाच पुरावा आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. कॅलिओपीसारखं लांब नाव घेतलं, तर फॉर्मवर चार शब्द बसवावे लागतील. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नोंदणीपासून वर्षाच्या आत ते विनाशुल्क भरता येतं. तेवढ्या अवधीत देवनागरीत ते डाफ्नी लिहायचं की डॅफ्नी, हे घरात एकदा पक्कं करून मगच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावं.