गुडघ्यातून ‘कट्’ आवाज आला, आता काय करायचं?

नमस्कार. धाराशिवमधलं आमचं फिजिओथेरपी सेंटर छोटंच आहे, दोन खोल्या, एक हॉल आणि मागं थोडी मोकळी जागा, पण इथं येणारी लेकरं बघितली की वाटतं अख्खा जिल्हा मैदानावरच असतोय, कुणी खो-खोचं, कुणी कबड्डीचं, कुणी तालमीतलं, आणि बाकीची सगळी पोलीस भरतीची. आपल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खो खेळणाऱ्या पोरीला एवढा मान मिळतो हे घराघरात दिसलं, त्यामुळं आता आया स्वतः पोरींना ग्राउंडवर सोडायला येतात, याचा आम्हाला फार आनंद आहे. हे पत्रक त्या आयांसाठी, बापांसाठी आणि शाळेतल्या खेळाच्या सरांसाठी लिहिलंय, कारण दुखापत झाल्यावर पहिले दोन-तीन निर्णय घरात नाहीतर ग्राउंडवरच होतात आणि बहुतेक नुकसान तिथंच होतं.

आम्ही सर्जन नाहीत, ऑपरेशन करत नाहीत. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर जे महिनोन्महिने करावं लागतं ते आमचं काम. सगळ्यात जास्त विचारतात ते गुडघ्याचं, म्हणून गुडघ्यावरच जास्त लिहिलंय.

आत नेमकं काय तुटतं

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या असतात, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या. त्यातली पुढची म्हणजे एसीएल. नडगी पुढं सरकू न देणं आणि वळताना गुडघा आवरून धरणं हे तिचं काम. आता आपले खेळ बघा, खो-खोत पोलला वळसा घालताना पाय जमिनीत रुतलेला आणि अंग फिरलेलं, कबड्डीत रेडर लाईनकडं वळतोय आणि मागून कुणी अँकल धरलाय, कुस्तीत पट काढताना वजन एका पायावर आलंय, सगळीकडं वळणंच. ‘कुणी धक्का पण दिला नाही सर, नुसती वळले आणि पडले’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता नवल वाटत नाही, जगभरच्या अभ्यासात पण हेच दिसतं, एसीएलच्या बहुतेक दुखापती गुडघ्याला थेट मार न लागता होतात.

ओळखायचं कसं? ‘कट्’ असा आवाज येतो किंवा आत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं, पुढं खेळता येत नाही, आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म सुजतो कारण आत रक्त साठतं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली तर बऱ्याचदा दोन हाडांच्या मधल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला लागलेलं असतं, पण हा अंदाज आहे, तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

खरा फसवणारा काळ पुढं येतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, लेकरू सरळ चालायला लागतं, घरचे म्हणतात बरं झालं, लेपानं फरक पडला. पण सरळ चालायला एसीएल फारशी लागतच नाही, ती लागते वळायला! मग एक दिवस जिना उतरताना नाहीतर पुन्हा ग्राउंडवर गुडघा सटकतो, आणि असा प्रत्येक सटका आतली गादी थोडी थोडी घासत, फाडत जातो. एसीएल तुटून दोन वर्षं झाल्यावर आमच्याकडं आलेली मुलं बघितली की जीव तुटतो, कारण सुरवातीला एक दोरीच गेलेली असते आणि येईपर्यंत गादी पण गेलेली असते.

पहिल्या दोन दिवसांत

गरम तेलानं चोळू नका. हात कितीही चांगला असला तरी हाड बसवणाऱ्याकडं नेऊन ओढायला लावू नका, आत रक्तस्राव चालू असताना चोळलं की सूज वाढते, आणि हाडाला चीर असेल तर ओढल्यानं ती सरकू शकते. कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं बर्फ ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलं पण टाकता येत नसतील, गुडघा किंवा पाय वाकडा दिसत असेल, गुडघा अडकून बसला असेल, पाऊल गार किंवा बधिर पडलं असेल तर आमच्याकडं येऊ नका, थेट हॉस्पिटलला जा, आणि गार-बधिर पाऊल असेल तर एक तास पण थांबू नका.

पाच-सात दिवसांनी दुखणं कमी झालं की हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. चांगला डॉक्टर आधी हातानं तपासतो, नडगी पुढं ओढून बघतो, आणि मग एमआरआय सांगतो.

तुटली म्हणजे ऑपरेशन करायचंच का?

इथं लोकांचे दोन टोकाचे विचार असतात, एक म्हणतो उद्याच करून टाका, दुसरा म्हणतो चाकू लावायचाच नाही. संशोधन काय म्हणतं ते सांगतो. स्वीडनमध्ये १२१ तरुण माणसं घेऊन एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. निम्म्यांना लवकर ऑपरेशन आणि व्यायाम, निम्म्यांना आधी फक्त व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गट साधारण सारखेच होते, आणि पाच वर्षांनी बघितलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. पण ते वरच्या पातळीवरचे खेळाडू नव्हते हे लक्षात घ्या. पुढं २०२२ मध्ये ब्रिटनमधला ३१६ लोकांचा अभ्यास आला, त्यांचा गुडघा बऱ्याच दिवसांपासून सटकत होता, आणि तिथं ऑपरेशनवाला गट चांगला राहिला.

यावरून आम्ही येणाऱ्यांना असं सांगतो: शेती, दुकान, सरळ पळणं एवढंच असेल आणि गुडघा सटकत नसेल तर तीन महिने मनापासून व्यायाम करून बघायला हरकत नाही. खो-खो, कबड्डी, कुस्ती पुन्हा खेळायचीय आणि गुडघा दगा देतोय तर बहुतेक सर्जन ऑपरेशनच सुचवतील, आम्हाला पण तेच बरोबर वाटतं. गादी फाटून गुडघा अडकला असेल आणि ती शिवण्यासारखी असेल तर वेळ घालवू नका, कारण शिवता येणारी गादी काढून टाकावी लागणं हे मोठं नुकसान आहे. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढं झीज दिसते हे १९४८ सालीच फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून मांडलं होतं.

जाता जाता वडिलांसाठी. पोराचा एमआरआय बघून वडील पण स्वतःचा काढून घेतात आणि रिपोर्टमध्ये ‘मेनिस्कस टिअर’ दिसलं की घाबरतात. वयानुसार झिजलेली गादी आणि खेळताना फाटलेली गादी या वेगळ्या गोष्टी आहेत. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ लोकांवर अभ्यास झाला, निम्म्यांची झिजून फाटलेली गादी खरंच कापली, निम्म्यांना त्यांच्या संमतीनं नुसता ऑपरेशनचा देखावा केला, वर्षानं दोन्ही गटांना सारखाच आराम! तेव्हा आधी मांडीचे व्यायाम करा.

ऑपरेशनमध्ये काय करतात

तुटलेली दोरी सहसा शिवत नाहीत. दुर्बिणीतून आत जाऊन, हाडात बोगदे करून तिथं नवी दोरी बसवतात, आणि ती आपल्याच अंगातून घेतात, मांडीच्या मागून हॅमस्ट्रिंगची, नाहीतर गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा, नाहीतर वाटीच्या वरचा पट्टा. प्रत्येकात थोडं द्यावं लागतं. वाटीखालचा पट्टा घेतला तर गुडघे टेकायला काहींना बरेच दिवस त्रास होतो, हे पैलवानांनी विचारात घ्यावं. हॅमस्ट्रिंग घेतली तर मागची ताकद कमी पडते, ती पळणाऱ्यानं भरून काढावी लागते.

१४ ते २५ वयाच्या ६१८ मुलामुलींवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. नुसती हॅमस्ट्रिंग बसवलेल्यांत दोन वर्षांत ११ टक्क्यांची नवी दोरी तुटली, आणि ज्यांना त्याच ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं एक जादा पट्टी (बँडेज नव्हे, अंगातलीच) पण बसवली होती त्यांच्यात ४ टक्क्यांची. सगळ्यांनाच पट्टी लागते असं नाही, पण लेकरू वळणाचा खेळ खेळत असेल तर ‘याला बाहेरून पट्टीची गरज आहे का’ हे सर्जनना जरूर विचारा, विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

आणि आता नऊ महिने

हे पत्रक काढायचं खरं कारण हेच. ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं, काम नऊ महिन्यांचं. बसवलेली दोरी सुरवातीला नुसता पट्टा असते, तिच्यात नव्यानं रक्तवाहिन्या शिरतात, जुनं तंतू मोडून नवं तयार होतं, आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कच्ची असते. नेमकं तेव्हाच दुखायचं थांबलेलं असतं, आणि पोरगं गाडीला किक मारायला लागतं.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास आहे, आम्ही तो प्रत्येक आईबापाला सांगतो. नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने पुढं ढकललं तितकी पुन्हा दुखापत कमी झाली, दर महिन्याला जवळपास निम्म्यानं. दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की २५ वर्षांखालचे जे खेळायला परत गेले त्यांच्यातल्या साधारण चारातल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा तीच दुखापत झाली. चारातल्या एकाला! म्हणून कुणी ‘सर सहा महिने झालेत, पुढच्या महिन्यात भरतीचं ग्राउंड आहे’ असं म्हणालं तर आम्ही नाहीच म्हणतो, पोरगं नाराज होतं, कधी बाप पण चिडतो, पण भरती पुन्हा निघते, दुसऱ्यांदा तुटलेला गुडघा पहिल्यासारखा करणं फार अवघड.

मोठ्या खेळाडूंचं बघा. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, तो मॅचला उतरला मार्च २०२४ मध्ये, जवळपास १५ महिने, आणि ते पण देशातले सगळ्यात चांगले डॉक्टर आणि ट्रेनर दिमतीला असताना. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडला, एसीएल आणि मेनिस्कस दोन्हीला लागलं, ऑपरेशन झालं आणि त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्यानं सोडून दिली. आपल्या लेकराला तालुक्याची स्पर्धा सोडावी लागली तर ते हारलं असं कुणी म्हणू नये.

पहिल्या दोन आठवड्यांत आम्हाला एकच गोष्ट हवी असते, गुडघा पूर्ण सरळ होणं. सगळे विचारतात ‘किती वाकतोय’, पण वाकणं मागाहून येतंच, सरळ होणं राहिलं की आयुष्यभर लंगडत चालावं लागतं. आणि घरोघरी प्रेमानं केली जाणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा मोकळा लोंबू द्या. खाली मांडी घालून जेवायला बसणं आणि भारतीय संडास काही आठवडे बंद, कमोडची खुर्ची घेऊन ठेवा. तीन-चार महिन्यांनी सरळ जॉगिंग, सहाच्या पुढं हळूहळू वळणं, आणि नवव्या महिन्यात परीक्षा: एका पायावर उडी, दोन्ही पायांची ताकद, वळून थांबणं. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आला तरच आम्ही सरांना चिठ्ठी देतो, नाहीतर दहावा महिना, अकरावा महिना.

भीतीबद्दल पण बोललं पाहिजे. अभ्यासांत दिसतं की ऑपरेशननंतर स्पर्धेच्या पातळीवर साधारण निम्म्याहून थोडे जास्तच परततात, आणि न परतणाऱ्यांमध्ये गुडघा बरा असून पण मनातून भीती न गेलेले बरेच असतात. पोलजवळ आली की पोरगी पाय आखडते, तिला ओरडू नका, आम्हाला सांगा.

पोरींना जास्त का होतं

सारख्याच खेळात मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा २ ते ८ पट जास्त होते असं वेगवेगळ्या अभ्यासांत आलंय. याचा अर्थ पोरी नाजूक असा लावू नका. उडी मारून उतरताना गुडघा आत झुकणं हे मोठं कारण, आणि ते शिकवून सुधारतं, फक्त आपल्याकडं पोरींना ताकदीचा व्यायाम कुणी देतच नाही. २० मिनिटांचा एक वॉर्म-अप आहे, फिफाचा इलेव्हन प्लस, फुटबॉलसाठी बनवलेला पण आपल्या खेळांना पण चालतो, नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवरच्या अभ्यासात त्यानं दुखापती साधारण एक तृतीयांश कमी झाल्या. त्यात काय असतं? पळणं, एका पायावर तोल, बैठका, उडी मारून मऊ उतरणं, प्लँक, आणि जोडीदारानं टाचा धरून गुडघ्यावरून पुढं झुकायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम. हा शेवटचा एकटाच हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आणतो. पैसे लागत नाहीत, सामान लागत नाही. शाळेनं बोलावलं तर आम्ही येऊन शिकवतो, त्याची फी घेत नाही.

ग्राउंडकडं पण बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाय धरून ठेवते, दोन्ही वाईट. प्रॅक्टिसच्या आधी भेगा बुजवून पाणी मारून घ्या.

खांदा आणि घोटा

खांदा निखळला तर ग्राउंडवर ओढून बसवू नका, झोळीत बांधून हॉस्पिटलला न्या. विशी-पंचविशीच्या आत निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता खूप असते, म्हणून पहिल्याच वेळी नीट दाखवा. घोटा मुरगळला आणि चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा, येत असतील तर आठवडाभर पट्टी आणि मग एका पायावर उभं राहायचा सराव, दात घासताना केला तरी चालतो.

पैसे आणि येणं-जाणं

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्य मित्राला ॲडमिट व्हायच्या आधीच विचारा. आणि एक विनंती, सगळा पैसा ऑपरेशनलाच घालू नका, नंतरच्या व्यायामासाठी थोडा राखून ठेवा. भूम, परंडा, लोहाऱ्याकडून रोज येणं कुणालाच परवडत नाही हे आम्हाला कळतं, म्हणून लांबच्यांना आम्ही पंधरा दिवसांनी बोलावतो, मधले दिवस घरी करायचे व्यायाम लिहून देतो आणि व्हिडिओ कॉलवर बघतो. मशीन नसलं तरी वाळूची पिशवी आणि घरातली पायरी यांवर बरंच होतं.

पहिल्यांदा येताना एमआरआयची नुसती फिल्म आणू नका, रिपोर्टचा कागद पण आणा, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणा कारण गादी शिवलीय का आणि दोरी कुठली वापरलीय हे त्यावर असतं आणि त्यावरच पहिले सहा आठवडे किती वजन टाकायचं ते ठरतं. हाफ पँट घालून या, खेळायचे बूट बरोबर आणा, आणि घरातलं जे माणूस रोज व्यायाम करून घेणार आहे त्यालाच सोबत घेऊन या.