पुरवठा साखळी दक्षता कायदा (जर्मनी)

कंपनीचा माल परदेशात कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या परिस्थितीत तयार होतो, हे तिने तपासावे आणि हक्कांची पायमल्ली दिसल्यास ती थांबवावी, असे बंधन घालणारा कायदा. जर्मन संसदेने तो जून २०२१ मध्ये मंजूर केला. जर्मनीत किमान ३,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. वर्षभराने ही मर्यादा १,००० वर आली.

असा कायदा का हवा, हे एका दुर्घटनेतून कळते. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. आणि काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला कामगारहिताचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते! मुख्य ग्राहक ‘किक’ या जर्मन कंपनीविरुद्धचा दावा डॉर्टमुंडच्या न्यायालयाने २०१९ मध्ये मुदतबाह्य ठरवून फेटाळला.

कायद्यानुसार कंपनीला जोखमीचा आढावा दरवर्षी घ्यावा लागतो, तक्रारीची सोय ठेवावी लागते आणि नोंदी सात वर्षे जपाव्या लागतात. थेट पुरवठादाराकडचा अन्याय लगेच थांबवता येत नसेल, तर मुदतबद्ध सुधारणा आराखडा करावा लागतो. व्यवहार तोडणे हा शेवटचा उपाय. कारण खरेदीदार निघून गेला की पहिली कुऱ्हाड कामगारांवरच पडते.

प्रत्यक्षात अनेकदा पुरवठादाराला लांबलचक प्रश्नावली पाठवून सही घेतली जाते. हे पुरेसे नाही. भाव पाडला आणि मुदत आवळली की सक्तीचा जादा वेळ ओघानेच येतो. म्हणूनच स्वतःची खरेदीची पद्धत सुधारणेही कायद्याने कंपनीवर सोपवले आहे.

कायद्याची खरी उणीव साखळीच्या खालच्या टोकाला दिसते. अप्रत्यक्ष पुरवठादाराची चौकशी उल्लंघनाचे ठोस संकेत मिळाल्यावरच बंधनकारक होते. उदाहरणार्थ, बीडचे ऊसतोड जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत अडकून पडते. कर्जापोटीची अशी सक्तीची मजुरी या कायद्याने निषिद्ध आहे, पण साखर खरेदी करणाऱ्याच्या कागदांत कारखाना दिसतो, मुकादम दिसत नाही.

अंमलबजावणी ‘बाफा’ या जर्मनीच्या अर्थव्यवहार व निर्यात नियंत्रणाच्या केंद्रीय कार्यालयाकडे आहे. मूळ कायद्यात ८० लाख युरोपर्यंत दंड आहे. ४० कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला काही उल्लंघनांसाठी वार्षिक उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत. नुकसानभरपाईचा नवा हक्क मात्र दिलेला नाही. बाधित कामगार परदेशातूनही बाफाकडे अर्ज करू शकतो. त्यात कोणत्या कंपनीचा माल, कोणता हक्क डावलला आणि केव्हा, एवढे तरी नेमके लिहिलेले हवे.