पॉलिमरचा थर कोबाल्टला हवेपासून वाचवत नाही

‘पीव्हीपी (पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन हा पॉलिमर) घातलं की कोबाल्टचे नॅनोकण हवेत टिकतात’ ही समजूत फार जुनी आहे, आणि चुकीची आहे. पॉलिमर कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, एवढंच त्याचं काम. त्याच्या साखळ्यांमधून ऑक्सिजन आत शिरतोच.

हिशेब करून पाहा. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा बाहेरचा १ नॅनोमीटर गंजला, तर आतला व्यास ८ नॅनोमीटर राहतो; उरतो ०.८ चा घन, म्हणजे जेमतेम ५१ टक्के धातू. कण ज्यात तरंगत असतात तो द्रव मात्र तसाच काळा दिसतो, गाळ बसत नाही. फसगत इथेच होते.

खात्री करायची तर नमुना चुंबकीय क्षेत्रात थंड करून हिस्टेरिसिस वक्र (क्षेत्र वाढवता-कमी करता चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख) घ्या. तो एका बाजूला सरकला, तर कोबाल्ट ऑक्साइड आहे असं समजा. मायकलजॉन आणि बीन या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये हेच दाखवलं.

म्हणून कण बनवताना द्रावक वाळवून, त्यातून आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडून मगच वापरा. ज्यापासून हे कण बनवतात ते डायकोबाल्ट ऑक्टाकार्बोनिल तापवताना विषारी कार्बन मोनॉक्साइड सुटतो, तेव्हा काम फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात). तयार कण आर्गॉनखाली सीलबंद ठेवा. हवेत वापरायचे असतील तर कार्बनचं सलग, छिद्ररहित कवच लागतं.